माशांचे हात

आमच्या वर्गात सहा जण होते, सगळे परमुलखातून पोटासाठी आलेले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दुपारी मी त्यांना इथली भाषा शिकवायचे. पुस्तकातले धडे तेच ते: भाड्याची खोली बघणे, दुखणं सांगणे, पत्ता विचारणे. मलाच त्यांचा वीट आला होता. म्हणून एकदा म्हटलं, जगातली कुठलीही एक गोष्ट अशी का झाली, त्याची पुराणकथा लिहून आणा. ऐकलेली नको, स्वतः रचलेली हवी.

पहिल्या खेपेला सगळ्यांनी लहानपणीचं काहीबाही उतरवून आणलं. मी वह्या परत दिल्या. दुसऱ्या खेपेला मावशी उभी राहिली. ती मासळीच्या कारखान्यात मासे साफ करायची. सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्यांचीच मावशी. अंगाला वास येतो म्हणून कायम दाराशी बसायची.

तिची कथा अशी. आरंभी हात माशांना होते, माणसांना नव्हते. माणसांनी ते एका दिवसापुरते मागून घेतले आणि परत दिलेच नाहीत. तेव्हापासून मासे हात मागायला येतात. माणसं म्हणतात, तुमच्याच पोटात असतील, थांबा बघतो. आणि पोट फाडतात. कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नाही तो म्हणून. हात आपले नाहीतच.

वर्गातल्या शिंपीकाकांनी हळूच स्वतःची बोटं हुंगली. मग मात्र सगळेच लिहायला लागले. काकांनी सावली माणसाला कुणी आणि कशी शिवली ते लिहिलं, आणि वाचताना तेच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकांच्या कानावर हे गेलं. संस्थेच्या कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पुस्तिका छापू या म्हणाले. मी हुरळून सगळ्या वह्या त्यांच्या हवाली केल्या.

पुस्तिका मी पाहिली ती थेट कार्यक्रमाच्या दिवशी. मावशीच्या कथेत मासे आपले हात माणसांना आनंदाने भेट देत होते, माणसं त्यांचे आभार मानत होती आणि शेवटी सगळे मिळून नव्या देशाचं गुणगान करत होते. मला शिसारी आली. संचालकांना विचारलं, तर त्यांनी आवाज खाली आणून मला समजावलं, "अहो, पाहुणे आत्ताच जेवून आलेत. त्यात पोटं कशाला फाडायची?"

मी काहीच बोलले नाही. पाहुणे बसले होते, हे माझं कारण.

मावशीने शब्दांवर बोट ठेवत, एकही चूक न करता ते वाचलं. एक पाहुणीबाई पुढे आल्या, तिचे दोन्ही हात हातात घेऊन किती गोड, किती गोड म्हणाल्या. मग खुर्चीमागे जाऊन त्यांनी पर्समधून ओला कागद काढला आणि एकेक बोट नखापर्यंत पुसलं. मी पाहिलं. मावशीनेही पाहिलं. संचालक टाळ्या वाजवत होते.

चहाच्या वेळी मी मावशीला बाहेर व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं, हे मी केलेलं नाही.

ती गोंधळली. "साहेबांनी परवा कागद दिला. मला वाटलं, तुम्ही चुका सुधारल्यात. तुम्ही नेहमीच सुधारता. मी पाठ केलं."

संचालकांची किळस येणं सोपं होतं. आता मला स्वतःची यायला लागली.

"मग माझं बरोबर होतं?" तिने विचारलं.

"बरोबर होतं."

"सगळं?"

"दोन वेलांट्या सोडून सगळं."

ती तशीच आत गेली. खोलीच्या मधोमध उभी राहून सगळे गप्प होईपर्यंत थांबली, आणि मोडक्यातोडक्या भाषेत आपली कथा पोट फाडण्यासकट सांगितली. पाहुणीबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. संचालक हसून म्हणाले, "भाषा अजून कच्ची आहे."

"भाषा पक्की आहे," मी म्हटलं. "पुस्तिकेतली कथा तिची नाही. ती तुम्ही लिहिलीत."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. चार दिवसांनी मला पत्र आलं, पुढल्या महिन्यापासून यायची गरज नाही. सहाही जणांनी ती खोली सोडली. आता आम्ही शिंपीकाकांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाभोवती बसतो.

मावशीने मला लगेच माफ केलं नाही. तीन आठवडे तिने वही दाखवली नाही. स्वतःच वाचायची आणि मिटून पिशवीत टाकायची. मीही मागितली नाही. चौथ्या आठवड्यात तिने वही माझ्यासमोर सरकवली आणि माझ्या हातातलं लाल पेन काढून घेतलं.

"आधी वाचा," ती म्हणाली. "काही अडलं तर मला विचारा."

माणसाला घाम कुठून आला याची ती कथा होती. मला दोन ठिकाणी अडलं. मी विचारलं.