कुणाची हरकत?

"कुणाला सांगितलं तर पटायचं नाही," चपला काढता काढताच चंद्रमौळी म्हणाले, "पण आज सभेत वेंकटला घाम फुटला. एसी चालू असताना!"

"या गावात भिंतीलाही फुटतो," गोदाबाईंनी कॉफीचा टंबलर पुढे केला. "श्रीविद्याच्या नावाचं काय झालं, ते पहिलं सांगा."

श्रीविद्या खाली बसून बीन्स चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

प्रश्न रास्त होता. देशभरच्या संशोधनाचं मूल्यमापन व्हायचं होतं आणि संशोधक म्हणून कुणाला धरायचं, याचे नियम प्रत्येक विद्यापीठानं आपल्या माणसांना विचारून ठरवायचे होते. विचारणं कसलं! जाडजूड मसुदा काल संध्याकाळी हातात पडला आणि मत आज दुपारी द्यायचं. कुणी बोललंच नाही, तर 'सर्वांची संमती' असा शेरा मारून तो दिल्लीला रवाना. त्यात एक कलम होतं: पाच वर्षांत चार शोधनिबंध, रजेचा काळ वजा होणार नाही. श्रीविद्याचं बाळंतपण आणि मग लेकीचं आजारपण याच पाच वर्षांत झालेलं. याच विद्यापीठात ती कंत्राटावर संशोधन करत होती. यादीतून नाव गेलं की कंत्राटही गेलं. कंत्राटी माणसांना सभागृहात मज्जाव होता. म्हणून तिच्या वतीनं बाप बोलणार होता. प्राध्यापकांचा प्रतिनिधी, निवृत्तीला टेकलेला. त्याला कुणाची भीती?

"मी उठलो," चंद्रमौळींनी टंबलर तलवारीसारखा उचलला. "माइक कसाला पाहिजे मला? म्हटलं, वेंकटा, संशोधन विभागाचा डायरेक्टर झालास म्हणून शिंगं फुटली काय रे? पोर काय परीक्षानळीत वाढते? अस्के, सगळेच्या सगळे, गप्प! माझा आवाज खिडकीतनं निघाला तो थेट एन्नोरला. बंदरातल्या जहाजाला वाटलं, दुसरं जहाज आलं. त्यानं उलट भोंगा दिला!"

"एन्नोरला पोचला आणि इथं मांबलमला, आपल्या घरी नाही?"

"वारा तिकडचा होता गं."

गोदाबाईंना हसू आवरेना. "वेंकट काय म्हणाला?"

"म्हणतो काय? माझाच शिष्य. व्यासपीठावरून उतरून साष्टांग नमस्कार! 'सार, हे कलम आत्ताच काढतो.' मूल्यमापनासाठी आलेला तो दिल्लीचा पाहुणा तर जेवताना ढसाढसा रडला. आसवं सांबारात पडली, तेव्हा कुठं त्यात मीठ बरोबर झालं."

"अय्यो, पुरे!"

श्रीविद्या हसली नाही. ती हसत नव्हती म्हणून चंद्रमौळी गोष्ट आणखी फुगवत गेले. थांबले असते तर ती घटका पुन्हा समोर उभी राहिली असती. वेंकटनं मसुद्याचं शेवटचं पान उलटलं होतं, घड्याळाकडे पाहिलं होतं आणि भाजीवाल्याला भाव विचारावा तसं विचारलं होतं, "कुणाची हरकत?" बाहेर जेवणासाठी केळीची पानं मांडली जात होती.

"टाळ्या तर अशा पडल्या," ते घाईघाईनं म्हणाले, "की छताला बसलेली कबुतरं—"

"अप्पा, सभागृहाला कबुतरं कुठली?"

"आज आली होती. माझं भाषण ऐकायला."

"पुरे करा." श्रीविद्यानं सुरी खाली ठेवली. "आम्हां कंत्राटवाल्यांना लिंक दिली होती. घरून नुसतं बघायचं. आमचे माइक त्यांनीच बंद ठेवलेले."

टंबलर चंद्रमौळींच्या हातातच राहिला. गोदाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"तू बघत होतीस?"

"सुरुवातीपासून. ऐकू जाणार नाही हे ठाऊक असून 'माझी आहे हरकत, माझी आहे' म्हणून इथं ओरडत होते. पोर घाबरून रडायला लागली." तिचा आवाज चढला नाही. "खोटं सांगताय तुम्ही, अप्पा. उठलात तेवढं खरं. वेंकटसरांनी हरकत विचारली आणि तुम्ही उठलात. मी पोरीला म्हटलं, बघ, आता आजोबा बोलतील. आणि पुढ्यातला माइक चालू असताना तुम्ही शेजारच्याला म्हणालात, जरा सरका हो, हात धुऊन येतो, पंगत बसतेय."