हिरवा ठिपका

चांदमारीवर पहिल्या तुकडीची फायरिंग संपली, शिट्टी झाली आणि टार्गेटवरची भोकं बुजवायला दीना आणि राजेश्वरी पुढं गेल्या. दोघी पोलीस शिपाई. दीना देवळाली प्रवऱ्याची, राजेश्वरी सोनईची. ऊन अजून डोंगराआड होतं. रायफलींना नवे लेझर बसवून चारच दिवस झाले होते. शिकवताना वाल्मिक उस्तादांनी एकच वाक्य सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं : ठिपका जिथं, गोळी तिथं.

"खळ लई पातळ हाय गं, कागद चिकटंना," शेजारच्या टार्गेटाशी राजेश्वरी कुरकुरली.

हात पुसायला दीना तुकडीकडं वळली आणि तिनं खाली बघितलं. तिच्या पट्ट्याच्या वर, खाकी शर्टावर, हिरवा ठिपका थरथरत होता.

काय आहे ते कळायला तिला एक क्षण लागला.  समोर, पन्नास पावलांवर, कुणीतरी रायफल उचलली होती. ठिपका एकेक बटण चढत वर आला आणि छातीवर थांबला.

तिला ओरडायचं होतं. पण ओरडलं तर तो दचकेल, आणि दचकलं की बोट आवळतं, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. पळावं तर पाय जागचे हलेनात.  प्रार्थनेचे शब्दही आठवेनात. नुसतं "बापा, बापा" एवढंच.

ठिपका खांद्यावरून घसरला, फळीवर गेला, आणि सरकत सरकत राजेश्वरीच्या पाठीवर जाऊन टेकला. राजेश्वरी आपली कागद दाबत होती.

तेव्हा मात्र दीनाचे पाय सुटले. तिनं राजेश्वरीच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी धाडकन मातीत आदळल्या. त्याच क्षणी गोळी सुटली. वरच्या फळीची ढलपी उडून दीनाच्या मानेवर पडली.

"मेले गं!" राजेश्वरी किंचाळली. "काय झालं? कुणी मारली?"

 आपली पँट ओली झालीय, हे दीनाला बऱ्याच वेळानं कळलं.

उस्ताद धावत आले. चेहरा पांढराफटक. "कुठं लागलं? सांग ना, कुठं लागलं?"

लागलं कुठंच नव्हतं. तिकडं गोरक्ष नावाचा नवा शिपाई गुडघ्यांवर बसून हुंदके देत होता. मॅगझिन काढलंय म्हणजे रायफल रिकामी, असं समजून तो शेजाऱ्याला लेझर दाखवत होता. एक गोळी नळीच्या बुडाशी, चेंबरमध्ये राहिली होती.

"त्याच्याआधी चूक माझी," उस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. "चेंबर न बघताच शिट्टी मारली मी. रिपोर्टात तसंच लिहीन. तू गाडीत बस, दीना."

"बसते, उस्ताद. पण आधी सगळ्या रायफली बघणार."

कुणी हसलं नाही. ती एकेका रायफलीपाशी वाकली आणि चेंबरमध्ये बोट घालून चाचपू लागली. पाचव्या रायफलीशी राजेश्वरीनं तिचं मनगट धरलं, तरी ती थांबली नाही. आठही रिकाम्या निघाल्या.

तरीसुद्धा तिला त्यांच्याकडं पाठ करवेना. गाडीपर्यंत ती उलट्या पावलांनीच चालत गेली.