निघालेल्यांच्या चादरी

त्या दोघी जावांनी मिळून लाँड्री चालवली, आणि लाँड्री चालवणाऱ्याला सुट्टी कुठली? लोक कपडे मळवायचे थांबत नाहीत. थोरली गावाला गेली की धाकटी इस्त्रीपाशी, धाकटी आजारी पडली की थोरली. जंगलातल्या तळ्याचा फोटो इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीवर इतकी वर्षं चिकटवलेला होता, की वाफेने त्यातलं निळं पाणी पार पिवळं पडलं होतं. दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं ठरायचं. यंदा धाकटीच्या नवऱ्यालाच कंटाळा आला असावा. दुकान मी बघतो, एकदाच्या जाऊन या, असं म्हणून त्याने दोघींना बसमध्ये बसवून दिलं.

थोरलीला तळ्याचं फारसं अगत्य नव्हतं. तिला धाकटीला एक गोष्ट सांगायची होती, आणि दुकानात ती सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी शर्ट घेऊन दारात उभं राहायचं. ती दुकान सोडून लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. वाक्यही तयार होतं: लेक ऐकतच नाही गं, माझा नाइलाज आहे. खरं म्हणजे लेकीने एकदाच विचारलं होतं, तेही फोन ठेवता ठेवता. पण नाइलाजाचं वाक्य बोलायला सोपं होतं. बसमध्ये ते ओठावर आलं, तेव्हा धाकटी खिडकीशी तोंड उघडं टाकून झोपली होती.

लॉज एका कुटुंबाचा होता. सासू मालकीण, सून स्वयंपाकघरात आणि मुलगा बाकी सगळ्याला, म्हणजे जीप चालवायला, लाकडं फोडायला आणि आईची बोलणी खायला. तळ्याच्या काठाने लाकडी खोल्यांची एक रांग होती आणि जेवायला सगळ्या पाहुण्यांना मिळून एकच लांब टेबल. पहिल्या संध्याकाळी मालकिणीने उभं राहून लॉजचे नियम सांगितले. दोघी जावांनी त्यातलं अक्षर ऐकलं नाही, कारण दोघींचं लक्ष टेबलक्लॉथवरच्या डागाकडे होतं. थोरलीच्या मते तो चहाचा होता, धाकटीच्या मते गंजाचा. शेवटी धाकटीने ओलं बोट फिरवून पाहिलं आणि थोरलीने हार मानली.

सकाळी धुकं विरायच्या आत दोघींना तळ्यावर जायचं होतं. पण अंथरूण तसंच टाकून बाहेर पडणं दोघींच्याही रक्तात नाही. एकीने इकडची टोकं धरली, दुसरीने तिकडची, आणि डोळ्यांवरची झोप उतरायच्या आत चादरी, अभ्रे, टॉवेल यांच्या काटकोनात घड्या होऊन दाराबाहेरच्या बाकावर गेल्या. बॅगा अजून उघडलेल्याही नव्हत्या. दोघी निघाल्या.

तळं फोटोतल्यापेक्षा मोठं होतं आणि निळं अजिबात नव्हतं. पाण्यावर करडं धुकं पसरलं होतं. पलीकडच्या काठाला एक हरीण पाणी प्यायलं आणि निघून गेलं. धाकटी दगडावर बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की थोरलीचा जीव कासावीस झाला. आता सांगितलं तर हिची सकाळ नासेल, असं मनाशी म्हणत तिने वाक्य परत गिळलं.

परत येऊन पाहतात तर त्यांच्या दारात कुणाचे तरी मोठे थोरले बूट, आत एक नवरा-बायको चहा पीत बसलेले आणि दोघींच्या बॅगा ऑफिसच्या पायरीवर. मालकीण धावत आली. आदल्या संध्याकाळच्या नियमांतला एक नियम हाच होता: निघणाऱ्या पाहुण्यांनी चादरींच्या घड्या करून बाकावर ठेवायच्या. घड्या दिसल्या, बॅगा भरलेल्या दिसल्या, आणि मुलाने खोली नव्या पाहुण्यांना देऊन टाकली. बाकीच्या खोल्याही भरलेल्या होत्या. बिचारी इतकी खजील झाली की तिने कुटुंबाची स्वतःची खोली दोघींना दिली आणि आपल्या माणसांचं बस्तान कोठीघरात हलवलं.

“पण खरं सांगते,” ती म्हणाली, “राहणारं माणूस अशा घड्या घालत नाही.”

धाकटीला हसू आवरेना. थोरलीला मात्र कुणीतरी खिशात हात घालून आतलं बाहेर काढल्यासारखं वाटलं.

दुपारी वारा सुटला. मागच्या अंगणात दोरीवर लॉजच्या चादरी फडफडत होत्या. सून स्वयंपाकात अडकलेली, तेव्हा आपण काढू, असं म्हणून धाकटी उठली. तिचे हात सकाळपासून शिवशिवतच होते. मोठी चादर दोघींनी ताणून धरली, झटकली, दुमडली आणि टोकं जुळवायला एकमेकींकडे चालत आल्या. समोरासमोर आल्यावर थोरली बोलली.

“मी दुकान सोडतेय. लेकीकडे जातेय राहायला. कायमची.”

नाइलाजाचं वाक्य तिला आठवलंच नाही.

धाकटीने टोकं सोडली नाहीत. तिने विचारलं, “तुम्हाला जायचंय, की जावं लागतंय?”

आता खोटं बोलायची संधी होती, ती अगदी हातात आणून दिली होती. थोरलीने धाकटीच्या वाफेने भाजून खरखरीत झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि तिला ते जमलं नाही.

“जायचंय,” ती म्हणाली. “दमले गं मी. सकाळी उठून इस्त्रीचा वास नको वाटतो.”

धाकटीच्या हातून चादर सुटली आणि अर्धी मातीत गेली. दोघींपैकी कुणीही ती उचलली नाही. दुकानात असं कधी घडलं नव्हतं.

“कधीपासून मनात आहे?”

“झालं की वर्ष.”

“वर्षभर माझ्या शेजारी उभ्या होतात आणि बोलला नाहीत? मी अडवलं असतं म्हणून?”

थोरलीने चादरीचं आपल्या हातातलं टोक उगाचच सरळ केलं.

“नाही गं. तू अडवलं नसतंस म्हणून.”

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. या बाईने तिला कॉलरची इस्त्री शिवीगाळ करत शिकवली होती, बाळंतपणात तिच्या वाट्याचं धुणं आपटलं होतं, स्वतःचा नवरा गेल्यावर तिसऱ्याच दिवशी पदर खोचून काउंटरवर येऊन उभी राहिली होती, आणि आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. धाकटीचे डोळे भरून आले. तिला राग आला होता, आणि माया तर त्याहून जास्त होती.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “जाऊ नका.”

थोरलीने नकारार्थी मान हलवली. जायचं तर होतंच.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.