शनिवारचं घर

ट्रक सकाळी दहाला निघणार होता आणि माझ्या वहीत शनिवार रिकामा होता.

पहिल्यापासून सांगते. मी अक्षता, नववीत. दरसाल दिवाळी झाली की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापाबरोबर शाळेतली पोरंबी ट्रकात बसतात. मागल्या साली अकरा गेली, त्यातली तीन परत शाळेत आलीच न्हाईत. यंदा पाचवीतली मोनाली जाणार होती. ही पोरगी एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणते, आणि ती फडात उसाच्या मोळ्या ओढणार? माझं डोकंच फिरलं.

तिची आजी द्वारकाबाई गावातच राहणार होती, पण आजीला डोळ्यानं दिसत न्हाई, चुलीपुढं बसवत न्हाई. दुपारी शाळेत खिचडी मिळते. अडचण होती ती संध्याकाळच्या जेवणाची. मंग मी आणि माझी मैत्रीण नसरीन, दोघींनी ठरवलं, मोनालीचे वार लावायचे. जुन्या काळी गरीब विद्यार्थी रोज एका घरी जेवायचे, तसं. सात वार, सात घरं, पाच महिने.

तिचे वडील तातेराव आम्हाला हसले न्हाईत. एवढंच म्हणले, "ठेवतो. पण माझी लेक दारात बसून खाणार न्हाई. घरात, तुमच्या पंगतीला बसवणार असाल तर बोला."

"बराबर हाये, काका," नसरीन म्हणली.

आठ दिवस आम्ही गाव पालथं घातलं. जे "बघू" म्हणले त्यांच्या ओट्यावरून मी उठलेच न्हाई. गिरिजाबाईंना तर म्हणलं, "दारच्या कुत्र्याला दोन भाकरी घालता, पोरीला घालायला जड जातं का?" नसरीननं मला जोरात चिमटा काढला, पण सोमवार मिळाला. वसंताकाकांनी गुरुवार दिला, आम्ही खुशीत लिहूनबी टाकला. घरी येताना ध्यानात आलं, गुरुवारी त्यांचं सगळं घर दोन्ही टायमाला उपास धरतं. पोरीनं काय पाच महिने साबुदाणा खायचा? नसरीन म्हणली, "दे इकडं गुरुवार. आमचा मंगळवार त्यांना देऊन टाक." असं करत करत सहा घरं झाली.

ट्रकाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन तातेरावकाकांकडं गेले. ते बोचकी बांधून राह्यले होते. हातातली दोरी खाली ठेवून त्यांनी वही नीट वाचली. मंग हळूच विचारलं, "तुमच्या घरचा वार कोणता, माय?"

मला कानफटात बसल्यासारखं झालं. सगळ्या गावाला शहाणपण शिकवून आल्ते मी, आणि स्वतःच्या आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनाबी ठाऊक होतं.

तशीच घरी गेले. आई ज्वारी निवडत बसली होती.

"शनिवारी मोनाली जेवायला येईल आपल्याकडं," मी म्हणलं.

आईचे हात थांबले. "डबा देते. तू नेऊन दे. रोज दे म्हणलीस तरी देईन."

"डबा न्हाई. घरात, आपल्यासंगं."

"आपल्यात चालत न्हाई ते, अक्षे. तुझे चुलते काय म्हणतील? उद्या तुझं लग्न करायचं हाये."

"मी नसरीनच्या घरी शिरखुर्मा खाऊन येते, ते चालतं?"

"ते तू बाहेर खातीस. आपल्या चुलीपाशी कोण बसतं, ते वेगळं."

लई राग आला. रागापेक्षा लाज जास्त वाटली. माझी आई वाईट न्हाई, गावात कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी तीच धावते. म्हणूनच जास्त लागलं. मी पुष्कळ रडले, आणि मंग तोंड धुऊन विचार करत बसले.

सकाळी ट्रक पारापाशी उभा होता. मोनालीची आई बेबीनंदा वर भांडी चढवून राह्यली होती. मोनाली खाली उभी, पाठीवर दप्तर. ट्रकात बसायचं की शाळेत जायचं, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मला खोटं लिहिता आलं असतं. "शनिवार आमचा" म्हणलं असतं तर ट्रक निघून गेला असता आणि कुणाला कळलंबी नसतं. पण मंग पहिल्याच शनिवारी मोनाली आमच्या दारात उभी राहिली असती.

"काका, आमच्या घरी न्हाई जमत," मी म्हणलं. "आई घेत न्हाई. पण शनिवारी मी तुमच्या घरी येते. तुमच्या चुलीवर मी करीन, आजी, मोनाली आणि मी, तिघी संगं जेवू. तुमच्या पंगतीला मला घेणार असाल तर बोला."

तातेरावकाकांनी वही मागितली, पेन मागितला, आणि शनिवारपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, "आमचं घर". मोनालीला म्हणले, "जा शाळेत. जल्दी, घंटा होईल." ती खरंच पळाली. बेबीनंदा ट्रकात तोंड फिरवून बसली, तिचे खांदे हलत होते.

शनिवारी मी पीठ बांधून निघाले तर आई दारात आडवी.

"भाकरी येती का तुला?"

"न्हाई."

"मंग पोरीला काय तुकडे खाऊ घालशील?"

"शिकव की."

आईनं परात पुढं ओढली. पाणी किती गरम पाहिजे, हात कसा फिरवायचा, सगळं दाखवलं, आणि दोन वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली. त्या दिवशी मोनालीच्या घरी तीन भाकरी धड झाल्या, चौथी मोडली. मोडलेली मी घेतली.

आता दर शनिवारी मी परत आले की आई विचारते, "जेवली का पोरगी?" मी म्हणते, "चल की बघायला." अजून आली न्हाई. टोळी यायला अजून सोळा शनिवार हायेत, आणि मी प्रत्येक शनिवारी तिला हेच म्हणणार हाये.