बाबांचा भोपळा

माझे वडील पुंजाजी भाजीचा मळा करत. दरवर्षी दोन भोपळे बाजारात न नेता ते वेलावरच वाळू देत. असा वाळका भोपळा पाठीला बांधून त्यांनी आमच्या विहिरीत निम्मं गाव पोहायला शिकवलं. मुलींपैकी मात्र एकट्या मला.

शेजारच्या कस्तुराबाईची थोरली मुलगी पाणी शेंदताना गावविहिरीत पडून बुडाली. महिन्याभरात त्याच विहिरीवर धाकटी प्रयागा घागर घेऊन जाऊ लागली. तेव्हा बाबांनी गावच्या कमिटीला अर्ज केला : गावात पोहण्याचा हौद बांधावा, आणि आठवड्यातला एक वार मुलींना द्यावा. अर्ज मीच लिहिला.

लोकांच्या आरोग्याची कमिटीला फार काळजी. तीन वर्षं विचार करून १९३८ साली तिने हौद बांधला. कोणी बुडू नये म्हणून तो मांडीइतकाच खोल ठेवला. त्यामुळे त्यात कोणाला पोहताही येईना. सातही वार पुरुषांना मिळाले. गावात पाणी बायका भरतात, विहिरीत पडतात त्याही बायकाच. तेव्हा पोहायला कोणी शिकावं, हे कमिटीने अचूक ओळखलं.

"अध्यक्षसायेब, पोरींचा वार?" बाबा दर महिन्याला विचारत.

"इचार चालू आहे, पुंजाजी," रंगराव म्हणत. "तू कायले घाई करून राह्यला?"

घाई तापाला होती. भाद्रपदात बाबा गेले.

कमिटीने शोकसभा हौदावरच घेतली. बाबांचा शेवटचा भोपळा आमच्याकडून मागून नेऊन भिंतीवर टांगला, हार घातला. हौदाच्या आवारात मी प्रथमच पाऊल ठेवलं. दुखवट्याला बायकांना मनाई नव्हती. रंगराव तासभर बोलले.

"काका, पोरींचा वार?" मी नंतर विचारलं.

"आज दुःखाचा दिवस, बाई. हे आता काहून काढून राह्यली?"

"मग भोपळा द्या."

"तुले कायले पायजे? कसा शोभून राह्यला इथं!"

मी स्टुलावर चढून तो काढला. कोणी अडवलं नाही. तेवढ्यात चहा आला होता.

घरी पाहिलं, तर टांगता यावा म्हणून त्याला आरपार भोक पाडलेलं. मेण वितळवून मी दोन्हीकडून बुजवलं.

सकाळी कस्तुराबाई प्रयागाला घेऊन मळ्यात आली.

"पाणी तं नाई शिरनार न त्यात?"

मी आधी स्वतः विहिरीत उतरले. भोपळा तरंगला. मग वर येऊन प्रयागाच्या पाठीशी दोरी आवळली, बाबा आवळत तशीच, दोन गाठींची.