कचऱ्याच्या गाडीवरची शाळा

साथीमुळे शाळा बंद झाली, आणि मुलांचं शिक्षण चालू ठेवण्यासाठी कल्पना पाठवा असं वरून फर्मान आलं. एका सरांनी पाढे पतंगावर लिहून उडवायचे असं सुचवलं. मुलांनी झोपेत उजळणी करावी, असं हेडसरांचं मत पडलं. मग त्यांना ताप आला, ते दवाखान्यात गेले आणि परत आलेच नाहीत. त्यामुळे त्या कल्पनेवर पुढे चर्चा झाली नाही.

त्यातल्या त्यात शहाणपणाची निघाली ती चौथीच्या बाईंची कल्पना. जग बंद पडलं तरी कचऱ्याची गाडी गल्लोगल्ली फिरतच होती, आणि तिच्यावर भोंगा होता. धडा त्या भोंग्यावर लावायचा, मुलांनी दारात उभं राहून ऐकायचा आणि मागोमाग म्हणायचा.

गाडीच्या ड्रायव्हरने एकच अट घातली. "बाई, ऑफिसची सूचना मधेमधे वाजलीच पाहिजे. नाहीतर याच गाडीत मलाही टाकतील."

त्यामुळे मुलं भागाकार असा शिकली: "मोठी संख्या आत, ओला-सुका कचरा वेगळा ठेवा, छोटी संख्या बाहेर." बाई धडा मोबाइलवर बाथरूममध्ये बसून भरायच्या, कारण बाहेरच्या खोलीत सासूबाई खोकत असायच्या. तरी एका धड्यात खोकला आलाच. मुलं त्या जागी इमानाने खोकली आणि आसपासच्या घरांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या.

बाईंचा खरा जीव अडकला होता शेवटच्या गल्लीत. तिथे पेन्सिल राहायची. हे तिचं वर्गातलं नाव, अंगकाठीवरून पडलेलं. साथीच्या पहिल्याच फेऱ्यात तिची आई गेली. बाप इस्त्रीवाला. कोणी कुठे जातच नव्हतं, तर इस्त्रीचे कपडे घालणार कोण? त्याच्या बहिणीला जुळी झाली होती आणि तिला मुलं सांभाळायला भाची हवी होती.

"बाई, धडा येतोय तोवर पोरगी इथे," त्याने दारातूनच सांगून टाकलं होतं. "धडा थांबला की ताईकडे धाडणार. नुसती भिंतीकडे बघत बसते हो, मला नाही बघवत."

"धडा रोज येईल," बाई म्हणाल्या होत्या. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण शब्द दिला तो दिलाच.

आता गाडीचा एक नियम होता. कोणी कचरा टाकत असेल तोवर गाडी हलवायची नाही. पहिल्या गल्लीतल्या पोरांनी तो आठवड्याभरातच हेरला. गाडी थांबली तर धडाही दारातच वाजत राहतो, पुढच्या गल्लीत पळत नाही!

"मामा, थांबा! अजून एक साल राहिलंय!"

"अरे, एका केळ्याला सालं तरी किती?"

"आमचं केळं मोठं होतं!"

घरातला कचरा संपला तेव्हा पोरांनी नवा तयार केला. एका पठ्ठ्याने आजोबांची एक चप्पल टाकली आणि दुसरी उद्याच्या धड्यासाठी राखून ठेवली. पुढे पुढे तर गेल्या वर्षीची पुस्तकं गेली, एकेक पान करून. मग या वर्षीची. शिकण्याची अशी ओढ त्या शाळेने शाळा चालू असताना कधी पाहिली नव्हती.

ड्रायव्हर एका सकाळी नवा धडा घ्यायला आला तो खुशीतच.

"बाई, तुमचा धडा हिट आहे! तिसऱ्या गल्लीतच गाडी गच्च भरते."

"आणि शेवटची गल्ली?"

"भरलेली गाडी तिकडे नेऊन काय करू? तिथूनच डेपोला वळवतो."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस." त्याने बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "का हो? काही चुकलं का?"

बाई घरातल्या चपलांवरच निघाल्या. इस्त्रीवाल्याचं दार उघडं होतं. तो पेन्सिलचा एक फ्रॉक इस्त्री करत उभा होता.

"काल गेली," तो म्हणाला. "ताई स्वतः आली न्यायला."

"अहो दादा, धडा थांबला नव्हता! गाडी भरत होती. इथवर पोहोचतच नव्हती."

"असं होय." त्याने बाहीवरून इस्त्री फिरवली. "रोज बादली घेऊन दारात उभी राहायची. आवाज लांबून येतोय म्हणायची, बाईंचाच आहे पण शब्द कळत नाहीत. मग तोही जायचा."

"उद्यापासून गाडी आधी इथेच आणायला लावते. तिला परत आणा ना."

"जुळी आहेत बाई. एकदा मांडीवर चढली की उतरतात होय?"

बाईंनी दारातली रिकामी बादली उचलून भिंतीशी लावली.

"ताईच्या तिकडे कचऱ्याची गाडी येते का हो?" त्याने विचारलं.

"येत असेल."

"भोंगा असेल ना तिच्यावर?"

"असेल," बाई म्हणाल्या.

"मग बरं." त्याने फ्रॉकची घडी घातली, बघितली, मोडली, आणि पुन्हा तीच घडी घालायला घेतली.