एकसष्ट फोटो आणि नामूरचा माणूस

थांबा, बिअर नंतर मागवा, आधी हे ऐका, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही. रविवारी टीनेनच्या आमच्या नाणे क्लबात काय झालं माहितीय?

वीर्ले आठवते ना? एकाहत्तर वर्षांची, आमच्या क्लबाचे डोळेच म्हणा. स्मारक नाणी निघतात ना दोन युरोंची, प्लास्टिकच्या कार्डात सीलबंद, एक कार्ड डचमध्ये आणि एक फ्रेंचमध्ये, आत नाणं मात्र तेच! तर त्यातल्या डच कार्डांचे फोटो वीर्लेनं काढलेत. एकोणीस कार्डं, एकसष्ट फोटो. प्लास्टिकवर एक सुद्धा चमक नाही. आणि आता तिचे हात थरथरतात. कपसुद्धा दोन्ही हातांनी धरते. म्हणजे ते फोटो गेले तर गेलेच.

आणि ते जाणार होते! जगभरचे लोक मिळून जी ऑनलाइन सूची भरतात, तिथे आता सगळं एकसारखं करायचं चाललंय. नाव एकाच पद्धतीनं, तारीख एकाच पद्धतीनं आणि एक नाणं, एक नोंद. आपल्याकडे एकाच नाण्याच्या दोन नोंदी, डच कार्डाची एक, आम्ही डचवाल्यांनी भरलेली, फ्रेंच कार्डाची एक, तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या नामूरवाल्यांची. त्यातली एक फोटोंसकट पुसली जाणार, रविवारी संध्याकाळी सहाला, आपोआप. कुठली पुसायची त्याची यादी लावली होती बेल्जियमची पानं सांभाळणाऱ्या तिबो डेलविन्यनं. नामूरचा. आणि यादी बघितली तर एकोणीसपैकी एकोणीस आमच्या! एक तरी त्यांची असावी की नाही?

मी दोन आठवडे त्याच्या मागावर होते. रोज सकाळी सव्वाआठला काहीतरी बदल करतो. इतक्या सकाळी कोण करतं? हेरविग म्हणाला, "पोरी, हे पद्धतशीर आहे." हेरविग म्हणजे आमचा अध्यक्ष, आवाज असा की शेजारच्या चर्चमधले लोक वळून बघतात. वीर्लेला आम्ही काही सांगितलं नव्हतं. उगाच कशाला तिचा जीव घाबरा करायचा.

आणि रविवारी क्लबात नाण्यांच्या अदलाबदलीला तो स्वतः आला! तिबो! आमच्या हॉलमध्ये! कुणीतरी अल्बम मिटला, मी ऐकलं. त्यानं काउंटरवरून तांदळाच्या टार्टचे सहा तुकडे घेतले आणि टेबलाटेबलावर ठेवत सुटला.

हेरविग माझ्या कानात, "गळा कापायच्या आधी गोड भरवतोय."

"खाऊ नकोस तू," मी म्हटलं.

"आधीच खाल्ला."

आणि तिबो सरळ वीर्लेकडे. डचमध्ये बोलला, तेही चांगल्या डचमध्ये, आणि तेव्हाच माझी खात्री पटली की ह्याच्या मनात काहीतरी आहे. "मादाम, फोटो काढताना तुम्ही दिवा कुठल्या बाजूला ठेवता?"

मला राहवलं नाही. "दिवा कशाला हवाय तुम्हाला? फोटो तर आज सहाला पुसताय ना!"

वीर्लेनं कप खाली ठेवला. "कुठले फोटो?"

अरे देवा. तिचा चेहरा! मी जमिनीत जाते की काय असं झालं.

तिबो शांतपणे लॅपटॉप उघडून बसला. म्हणाला, "नियम माझा नाही. मी विरोधात मत दिलं होतं. वाचा." आणि तीन वर्षांपूर्वीची चर्चा काढली. जी नोंद जुनी ती राहील, जी नवी ती जाईल. प्रस्ताव मांडणारा कोण? हेरविग क्लास, टीनेन! आणि खाली त्यानंच लिहिलेलं, "आता नामूरवाले रडतील."

मी हेरविगकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"तेव्हा मला वाटलं, आपल्याच जुन्या असणार," तो म्हणाला.

"मग का नाहीत?"

ते का, ते मी सांगते! नवं नाणं आलं की आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारची वाट बघतो. वीर्ले भिंगाखाली बघते, फोटो काढते, मग सगळ्यांसमोर नोंद. नामूरवाले पाकीट फोडलं की त्याच मिनिटाला चढवतात. त्यामुळे दर वेळी त्यांची आधी, आमची नंतर. हेरविगनं त्यांच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आम्ही एकोणीस वेळा पडलो.

"मांडणाऱ्यानं प्रस्ताव मागे घेतला तर सहाच्या आत थांबेल," तिबो म्हणाला. "मी तुम्हाला तीन मेल पाठवल्या."

"फ्रेंचमध्ये!"

"दोन्ही भाषांत."

"वर फ्रेंच होतं. खाली कोण जातंय?"

आणि क्लबच्या खात्यावर आलेले त्याचे निरोप तर मीच परस्पर कचऱ्यात टाकत होते. हे हेरविगला सांगू नका हं कुणी.

मग दोघं मजकूर लिहायला बसले. प्रस्ताव मागे, आणि दोन नोंदी एक करताना दोन्हीकडचे फोटो राहतील. तेही दोन्ही भाषांत टाकायला लागतं. हेरविगनं डच लिहिलं, तिबोनं फ्रेंच. आणि हेरविगनं ते फ्रेंच माझ्यापुढे सरकवलं, "एकेक शब्द तपास. हा इथे काय म्हणतोय?"

"तू म्हणतोस तेच."

"मग हे वाक्य माझ्यापेक्षा लांब का आहे?"

पाच एक्केचाळीस! मी फोनवर शब्द शोधतेय, तिबो घड्याळाकडे बघतोय, हेरविग म्हणतोय परत वाच, आणि खरं सांगू, मी सुद्धा परत वाचत होते! मला वाटत होतं, कुठेतरी एक फसवी ओळ असेलच.

तेवढ्यात वीर्ले उठली. टेबलाला धरून आली. "हेरविग, मला आता दिवा धरता येत नाही. हे परत काढता यायचे नाहीत. बटण दाब."

त्यानं दाबलं. पाच बावन्न. यादीवर 'स्थगित' आलं आणि मी रडलेच, वेड्यासारखी.

तिबो निघाला तेव्हा मी दारात गाठला. "पण तुमचं यात काय?"

"माझ्या फोटोंमध्ये," तो म्हणाला, "प्रत्येक कार्डावर माझं टक्कल चमकतं."

पटलं? मलाही नाही. म्हणून घरी जाऊन आधी एकसष्टच्या एकसष्ट उतरवून घेतले, आणि आज सकाळी परत सूची उघडली. सव्वाआठला बदल! प्रत्येक फोटोखाली! उघडून बघितलं, तर आम्ही तीन वर्षं 'फोटो: टीनेन नाणे क्लब' एवढंच लिहीत होतो, त्याच्या जागी त्यानं घातलं होतं, 'फोटो: वीर्ले स्मेट्स'.

लगेच हेरविगचा फोन. "बघितलंस? क्लबचं नाव उडवलं. मी म्हटलं नव्हतं?"

मी म्हटलं, "वीर्लेला दाखवलंस का?"

तर म्हणतो, "तिनंच मला दाखवलं. पाच वेळा."